फिकं पिवळं

बर्फाचा डबा पोचला तेव्हा निम्मा बर्फ पाणी झाला होता.
शेलूबाजाराहून यष्टीत, कंडक्टरच्या पायाशी.
एप्रिलची दुपार. जिनिंगच्या भिंतीलगत
आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा,
वरचा पत्रा उन्हानं आपला आपण टकटकतो.

नमुन्यांना नाव नसतं.
नाव नोंदवहीत, नोंदवही कपाटात,
कपाटाची किल्ली भाकरे साहेबांच्या कमरेला.
माझ्यापर्यंत येतो नुसता आकडा:
एकशे बेचाळीस. बोकड. यकृत, शंभर ग्रॅम.
दुकान कोणाचं ते मला कळू नये
म्हणून सरकारनं केलेला एवढा खटाटोप.

बाहेरच्या पिशवीला लाखेचं सील,
पण आतल्या पिशवीची गाठ?
सुतळी दोनदा फिरवलेली, टोक आत खुपसलेलं,
अंगठ्यानं दाबलेलं.
ओढली की सुटते, ओल्या हातानंही.
अशी गाठ सगळ्या तालुक्यात एकच माणूस मारतो.
मी ती शिकले उकंडामामाच्या ओट्याखाली बसून,
परकराच्या नाडीवर.

कोणालाच काही बोलले नाही.
तोललं, वाटलं, द्रावण घातलं,
यंत्रात गरगर फिरवलं, वरचं निवळ तेवढं घेतलं.
शहाण्णव खळग्यांची ताटली.
एकेका खळग्यात थेंब, थेंब,
मग अर्धा तास अंधारात ठेवायचं.
तेवढ्यात लाईट गेली.
ताटलीसोबत मलाही ठेवलं अंधारात.

"मशीन कायले पायजे वो?" मामा नेहमी म्हणतो,
"पाठीवरून हात फिरवला का समजते मले.
बोट रुतलं पायजे, अन् रुतलं का वर आलं पायजे."
मागच्या रविवारी मात्र
सुरी पुसता पुसता थांबला होता.
"आजचं बोकड गमतीचंच व्हतं.
मांस असं भरलेलं, चरबी पाह्यली तं नाईच.
अन् मानेत, कातड्याखाली, बोराएवढी गाठ.
कापून टाकली."
बाजारात कोणाकडून घेतलं, मी विचारलं नाही.
त्यानं सांगितलंही नाही.
डबा हातात दिला. "कलेजी हाय, पोराले आवडते."

ही चाचणी उलट्या स्वभावाची आहे.
नव्या पोरींना मी आधी हेच सांगते:
जिथं काही नाही तिथं रंग भरून येतो,
जिथं आहे तिथं फिका पडतो.
आधी निळं. आम्लाचा थेंब पडला की पिवळं.

लाईट आली.
रांगेत सगळीकडे हळद, लग्नघरासारखी,
आणि एकशे बेचाळीसच्या दोन खळग्यांत
हळदीचे हात धुतलेलं पाणी.

यंत्र काय, दिसलं ते आकड्यात सांगतं.
निर्दोष नमुना, एक पूर्णांक बहात्तर.
हा, शून्य पूर्णांक एकतीस.
पुन्हा केली. शून्य पूर्णांक तेहेतीस.
तिसऱ्यांदा करावी का, असं मनात आलं,
किट महाग आहे हे कारण मी स्वतःलाच दिलं.

पोरानं त्या रात्री दोनदा मागून घेतली होती.
"आई, मामाआजोबाची कलेजी वेगळी लागते."
मी म्हटलं, मिठाची गंमत असेल.

लिहिलं: संशयित. खात्रीसाठी नागपूरला रवाना.
सही केली, तारीख घातली.
भाकरे साहेब म्हणाले, "अक्षर का थरथरलंय?"
म्हटलं, फ्रीजमधून हात काढला आत्ताच.

उरलेले साठ ग्रॅम पिशवीत भरले.
सुतळी घेतली, लक्ष भलतीकडेच होतं,
आणि बोटांनी केलं ते बोटांनाच ठाऊक:
दोनदा फिरवून, टोक आत खुपसून, अंगठ्यानं दाबून.

थोडा वेळ बघत बसले.
मग सोडली,
रबर लावलं.